चौकटीवरचा हिरवा ठिपका

समुद्राकाठचं ते घर थोरलीला हवं होतं की नव्हतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. धाकटीला ते मिळता कामा नये, एवढं मात्र पक्कं होतं. मत्सर म्हणा, जळकेपणा म्हणा. लोक आपल्या मत्सराला न्यायाचं नाव देऊन मिरवतात. थोरलीनं तेवढं ढोंग कधी केलं नाही.

मावशीला मूलबाळ नव्हतं. तिची बहीण लवकर गेली आणि बहिणीच्या दोन मुली दर उन्हाळ्यात मावशीकडे राहायला येऊ लागल्या. समुद्राकडची खोली धाकटीची, कारण म्हणे तिला वारा मानवतो. थोरलीची खोली न्हाणीघराला चिकटून, तिला जणू ओल मानवत होती. मावशी धाकटीला 'छकुली' म्हणायची आणि थोरलीला 'अगं ए'. धाकटी पुढे दातांची डॉक्टर झाली, आणि सत्तेचाळीस वर्षांची झाली तरी छकुलीच राहिली. थोरलीनं लाकडाला पॉलिश करायचं काम धरलं. बोटं जी तपकिरी झाली ती कायमची. खारा वारा लाकूड खातो, म्हणून मावशीची कपाटं, टेबलं, दारं चार-पाच वर्षांनी एकदा पुसून वरून पॉलिश करून देणारी तीच. फुकट. त्या आठवड्यात छकुली व्हरांड्यात पाय पसरून वाचत बसायची आणि मावशी तिला विचारायची, "वासानं डोकं दुखत नाही ना गं तुझं?" ज्या बाईचं नाक दिवसभर त्या वासात बुडालेलं असायचं तिच्या डोक्याची चौकशी कुणी केली नाही.

मावशी गेल्यावर दोन महिन्यांनी वकिलांनी दोघींना त्या घरात बोलावलं. वकील म्हातारे, सावध, दर वाक्याआधी चष्मा पुसणारे. मृत्युपत्र एकाच पानाचं, सतरा वर्षांपूर्वीचं.

"'घरातल्या प्रत्येक वस्तूला मी रंगाचा एक ठिपका लावला आहे,'" वकिलांनी वाचलं. "'जी वस्तू उचलता आली तिला खालून, जी जड होती तिला कडेला. निळा ठिपका धाकटीचा, हिरवा थोरलीचा. समुद्राकडच्या दाराच्या चौकटीवर आतून, वरच्या बिजागरीपाशी एक ठिपका आहे. तो जिचा, तिचं घर.'"

"मेल्यावरसुद्धा आपल्याला वाकायला लावलं तिनं," थोरली म्हणाली.

"तुला सवय आहे ताई वाकायची. माझी कंबर बघ," धाकटी म्हणाली, आणि पर्समधून दात तपासायचा इवलासा आरसा काढला. खुर्च्यांच्या पोटाखाली तो धरून ती एकेक ठिपका सांगू लागली. वकील लिहून घेऊ लागले.

वेताची खुर्ची निळी. दुसरी निळी. दिवा निळा. भिंतीवरचं घड्याळ निळं. थोरलीच्या अंगाची लाही होत होती. अधूनमधून एखादं स्टूल, एखादा आरसा, शिवणाच्या यंत्राची पेटी हिरवी निघायची. तेही निवडून निवडून डगमगणारं, तडकलेलं, बंद पडलेलं.

"यंत्र तुला छान होईल," धाकटी म्हणाली.

"हो, तोंडं शिवायला," थोरली म्हणाली.

मग जड सामान आलं आणि वारं फिरलं. पुस्तकांचं कपाट हिरवं. जेवणाचं टेबल हिरवं. शिसवी पलंग, ज्यावर लहानपणी धाकटी मावशीजवळ झोपायची तो, हिरवा. थोरली आता ठिपका सांगायच्या आधीच वाकून बघू लागली. धाकटीचा आवाज प्रत्येक ठिपक्याला लहान होत गेला. शेवटी तिघं समुद्राकडच्या दाराशी आली. वकील खुर्चीवर चढले, बिजागरीपाशी डोळे नेले.

"हिरवा," ते म्हणाले.

पन्नाशी उलटलेल्या बाईला उड्या मारणं शोभत नाही, म्हणूनच थोरलीनं मारल्या नाहीत. म्हणजे मावशीनं तिला निवडलं होतं. तोंडानं छकुली छकुली करत राहिली आणि मनात मोल कुणाचं, तर 'अगं ए'चं. ती धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली. इतकं गोड तिनं आयुष्यात काही बघितलं नव्हतं.

धाकटी वकिलांना उतरवून स्वतः खुर्चीवर चढली. बराच वेळ बघत राहिली. मग खाली येऊन तिनं हिरव्या ठिपक्याचं स्टूल उचललं आणि त्याची खालची बाजू चौकटीशेजारी धरली.

"वकीलसाहेब, मी दिवसभर दातांचे रंग जुळवते. पांढऱ्यात वीस पांढरे दिसतात मला. स्टुलावरचा हिरवा आणि दारावरचा हिरवा एक नाही. पलंगावरचाही नाही." ती थोरलीकडे वळली. "जड सामानाला हात एकाच माणसाचा लागायचा. ब्रश घेऊन."

"म्हणजे काय?" थोरलीनं विचारलं.

"म्हणजे तू रंगवलेत ताई. माझे ठिपके."

थोरलीनं शिव्या तोंडात गोळा केल्या आणि स्टुलाकडे पाहिलं. स्टुलावरचा हिरवा पानासारखा, लख्ख. मग तिनं मान वर करून चौकटीकडे पाहिलं. तिथला हिरवा शेवाळी, मळका, खालून कुठून तरी आल्यासारखा. शिव्या तोंडातच राहिल्या.

तिला कळलं. तीस वर्षं लाखेच्या पॉलिशमध्ये हात घालणाऱ्या बाईला कळणार नाही तर कुणाला. लाखेचं पॉलिश पिवळं असतं आणि वर्षागणिक, थरागणिक आणखी पिवळं होत जातं. निळ्यावर पिवळं चढलं की हिरवं दिसतं. खुर्च्यांना खालून कुणी पॉलिश करत नाही, म्हणून त्यांचे ठिपके जसेच्या तसे राहिले. कडेला असलेल्या प्रत्येक ठिपक्यावरून मात्र तिचाच पॉलिशचा बोळा फिरला होता, तीन-तीन वेळा. आणि आता तिला आठवलंही: पहिल्या खेपेला बिजागरीपाशी एक निळा ठिपका दिसला होता, आणि सुताराची खूण असेल म्हणून तिनं त्यावरून हात फिरवला होता.

घर छकुलीचं होतं. पहिल्यापासून.

वकिलांनी चष्मा पुसला. "आरोपाला पुरावा लागतो, धाकट्या ताई. मला चौकटीवर हिरवा दिसतो. मी हिरवा लिहिणार."

"लिहा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "चोरीचं घर लखलाभ होवो तिला."

थोरलीनं नुसतं गप्प राहायचं होतं. एक शब्द न बोलता घर तिचं होत होतं. समुद्राकडची खोली, पलंग, सगळं. पण गप्प राहिली तर मरेपर्यंत ती चोर. चोर नाही हे दाखवायचा एकच मार्ग होता आणि त्या मार्गानं घर जात होतं. त्याहून वाईट म्हणजे, छकुलीच लाडकी होती हे वकिलाच्या साक्षीनं, स्वतःच्या हातानं सिद्ध होत होतं. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. वकिलांचं पेन कागदावर टेकलं.

"थांबा," ती म्हणाली.

गाडीतून तिनं आपली पिशवी आणली. स्पिरिटची बाटली, कापसाचा बोळा.

"वकीलसाहेब, नीट बघा. तिनं म्हटलंय तसा मी वरून तेलरंग लावला असेल, तर तो स्पिरिटला दाद देणार नाही. पॉलिश असेल तर निघेल."

खुर्चीवर चढून तिनं चौकटीवर बोळा दाबला, फिरवला, पुन्हा दाबला. कापूस पिवळा झाला, मग तपकिरी. खालून निळा ठिपका वर आला, सतरा वर्षांपूर्वी लावला तसा.

वकिलांनी 'निळा' लिहिलं.

थोरली उतरली ती थेट पलंगाकडे. तोही पुसला. निळा. टेबल. निळं.

"ताई, पुरे," धाकटी म्हणाली.

"पुरे कसं? मोजून घे. उद्या पुन्हा म्हणशील कपाट राहिलं."

कपाटही निळं निघालं. थोरलीला घाम फुटला होता आणि हातांची आग होत होती. प्रत्येक ठिपक्याबरोबर ती जळत होती, आणि तिला थांबता मात्र येत नव्हतं.

"आता तो शब्द परत घे," ती म्हणाली.

धाकटीनं वकिलांकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. चूक कबूल करायची सवय छकुल्यांना नसते, कुणी लावलेलीच नसते. "घेतला," ती पुटपुटली.

"त्यांना ऐकू गेलं नाही."

"घेतला परत. ताई चोर नाही. चूक झाली माझी." मग हळूच, "पलंग ने तू. मी देते."

"तू कोण देणारी? मावशीनं दिलं नाही ते मला तुझ्या हातून नको." थोरलीनं बाटलीचं बूच लावलं. "यंत्र नेईन. ते माझं आहे."

धाकटीनं पेटीचं एक टोक धरलं, थोरलीनं दुसरं. दोघी ती गाडीपर्यंत घेऊन गेल्या. वाटेत दोनदा टेकवावी लागली.

"उन्हाळ्यात येशील ना?" धाकटीनं विचारलं.

"नाही बोलावलंस तर जळेन."

"आणि बोलावलं तर?"

"तरी जळेन."

"जळ की मग," धाकटी म्हणाली. "पण ये. समुद्राकडच्या खोलीत झोप."

थोरलीनं गाडीचं दार आपटलं. ती खोली आता देऊ शकणारी बाई तिच्यासमोर उभी होती, आणि ते तिला अजिबात बघवत नव्हतं.

"येईन. पण पलंगाची खिडकीकडची बाजू माझी," ती म्हणाली, आणि गाडी सुरू केली.