रुसवी

आमच्या रंगाच्या कारखान्यात हिंगूळ, म्हणजे पारा असलेलं लाल खनिज, दगडावर घोटतात. काळपट लाल खडा फोडायचा, पाणी शिंपडायचं आणि वरवंटा फिरवत राहायचं. घोटाल तितका खुलतो. कंटाळून थांबलात की तोंड काळं करून बसतो. सगळ्यांत उजळ लाल माझी मावशी काढते. त्या लालाचं नाव रुसवी. डब्यांवर ते नाव मी चिकटवते.

धाकटे मालक नवं माहितीपत्रक घेऊन खोलीत आले. पानभर मावशीचा फोटो, खाली नावाची जन्मकथा. त्यांनी मोठ्यानं वाचली: एक होती राणी, राजावर रुसली, रुसून गाल लाल झाले, त्या गालांचा हा रंग.

"कशी वाटली, मावशी? फोटो तुमचा, म्हणून इथं सही हवी. दुपारी छापायला जातंय."

मावशीचा वरवंटा थांबला.

"कुठली राणी?"

"अहो, गोष्ट आहे ती!"

"गोष्ट मला ठाऊक आहे. मी होते की इथं."

मलाही ठाऊक होती. आमच्या घरी ती रोज आईच्या कपातून सांडते.

मावशीच्या शेजारच्या दगडावर पूर्वी माझी आई घोटायची. हिंगुळातला पारा अंगात भिनला. आधी तिच्या हिरड्या रक्ताळल्या, मग बोटं थरथरायला लागली. वेणीचे पेड हातात राहीनात, घास तोंडाशी पोचेना. मावशी मुकादमाकडे गेली. खिडकी उघडा म्हणाली, आत जीव कोंडतो. खिडकीची दोन्ही तावदानं रंग फासून, खिळे ठोकून बंद. मुकादम म्हणाला, रंगात धूळ पडेल. आणि आईला घरी बसवलं.

मावशी कुणाशी बोलली नाही. एका दिवसाचा खडा तिनं तीन दिवस घोटला. दातओठ खात घोटला, बहिणीच्या वाटचाही घोटला. चौथ्या दिवशी असा लाल निघाला, की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. मुकादम हसला, "बाई रुसली, पण रंग काय झकास दिला!" नाव पडलं. खिडकी बंदच राहिली.

"लाडाचं माणूस रुसतं, मालक," मावशी म्हणाली. "माझे लाड कुणी केले? मी चिडले होते. माझ्या बहिणीचे हात गेले होते. ते लिहा. खिडकीचं लिहा. मग सही."

"खिडकीबद्दल वाचून डबा कोण घेईल?" मालक हसले. "आणि इतकी वर्षं झाली, अजून रुसवा गेला नाही होय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

मावशी उठली. कमरेवर हात ठेवून, सावकाश. वरवंटा पदरानं पुसला, बाळाचं तोंड पुसावं तसा. आणि दोन्ही हातांनी खिडकीवर घातला.

काच खळ्ळकन फुटली. रस्त्यावरचा उजेड आत आला, वारा आला, धूळ आली. ओल्या लालावर करड्या ठिपक्यांची रांगोळी झाली.

"अहो, रंग! सगळा घाणा नासला!" मालक ओरडले.

"नासू दे," मावशी म्हणाली. तिला धाप लागली होती. "याला काय नाव ठेवायचं ते आता ठेवा."

शेजारच्या दगडावर आईचा वरवंटा तसाच पडून होता. मी हातातली लेबलं खाली ठेवली आणि तो उचलला. दुसरं तावदान अजून शाबूत होतं.