वेळ्ळच्चीने भात का टाकला?

मित्रांनो, माझी कड फुटली नसती, तर मी आज एका कुत्रीपुढे नसते. मी राजपाळयमची एक जुनी कल्चट्टी, म्हणजे दगडाचे भांडे. पाथरवटाने मला अखंड दगडातून कोरले आणि चाळीस वर्षे पेच्चियम्माळ आजींच्या चुलीवर मी चिंचेची आमटी शिजवली. एकदा पायरीवर आपटले आणि माझी रवानगी अंगणात झाली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण पांढरीशुभ्र वेळ्ळच्ची रोज मला तळापर्यंत चाटून लख्ख करी. तेवढे कौतुक माझे स्वयंपाकघरातही झाले नव्हते.

यंदा वेळ्ळच्चीला उन्हाळी लागली. थेंबथेंब लघवी, त्यात रक्त. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. भात मऊ, पातळ, बिनमिठाचा द्या, म्हणजे जेवणातूनच पाणी पोटात जाईल, असे सांगितले. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडू नका, दुखणे उलटेल, असेही बजावले. आजींची सून पूंकोडी भातात कोंबडीचा तुकडा कुस्करी आणि त्यातच गोळी दडवी. चार दिवस सगळे फस्त झाले. रक्त थांबले.

पाचव्या दिवशी वेळ्ळच्चीने एकदाच जीभ लावली आणि कण्हत मागे सरली. गोळी तशीच राहिली. मला काही कळेना. भूक तर तिला होती, कारण ती पुन्हा पुन्हा येई, वास घेई आणि माझ्याकडे बघत उभी राही. पूंकोडीने भोपळा घालून पाहिला. आजींनी ताक ओतले, तर ती ओरडून पळालीच. सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

मग खापर फुटले माझ्यावर. दगडात चिंच मुरली आहे, तिचाच वास येत असेल, असे पूंकोडी म्हणाली. मला राखेने घासघास घासले. मलाही वाटू लागले, खरेच का मी एवढी आंबट? शेवटी स्टीलची थाळी आली. त्या थाळीतलेही वेळ्ळच्चीने खाल्ले नाही. मित्रांनो, मला क्षणभर बरे वाटले आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ती उपाशी होती आणि मी मानपान मोजत होते.

दुपारी पान खाताना आजी तिला जवळ घेत, डबीतला चुना बोटावर घेऊन तिच्या पायाच्या बोटांना लावत. मी रोज पाहत होते. माझ्या दगडी डोक्यात मात्र उजेड पडला नाही.

सातव्या दिवशी पूंकोडीने गोळी हाताने भरवायला वेळ्ळच्चीचे तोंड उघडले. जीभ लालभडक, सोललेली होती. मग पूंकोडीचे लक्ष तिच्या पायाच्या चुना लागलेल्या बोटांकडे गेले.

"अत्तै," तिने सासूला विचारले, "हा चुना कुणी लावला?"

"मी. उन्हाळीवर आपल्याकडे हेच लावतात. तुझ्या नवऱ्यालासुद्धा लावलाय मी लहानपणी."

"अत्तै, ते स्वतःचे पाय चाटत नव्हते."

आजी तडक पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी स्वतः वेळ्ळच्चीचे पाय धुतले आणि डॉक्टरांना सगळे खरे सांगितले. डॉक्टरांनी जिभेवर औषध दिले आणि राहिलेल्या गोळ्या पुऱ्या करायला सांगितले. गार पेज माझ्यात ओतून आजी ती बोटाने भरवत बसल्या. "माझंच चुकलं गं बाई," म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी वेळ्ळच्चीने त्यांचे बोट नाकाने बाजूला सारले आणि तोंड माझ्यात घातले.

मित्रांनो, दुखणाईताने ताट सारले, तर अन्नाला आणि भांड्याला नावे ठेवण्याआधी एवढे करा. त्याचे तोंड उघडून बघा.