लाल चिंधी

मी एक फवारणीचा पंप. पाठीवर अडकवायचा, बाजूच्या दांड्याने हवा भरायचा. पीक संरक्षण शिकवणाऱ्या शाळेच्या कोठीत माझा मुक्काम. पोट मोठं, पण जगतो मात्र जीव मुठीत धरून. या पोटात कोण काय ओतेल, याचा नेम नाही.

इथे तणनाशकाचा पंप वेगळा. त्याच्या गळ्यात लाल चिंधी, जागा दुसऱ्या टोकाला. गवत मारायचं औषध चुकून पिकावर पडलं की पीकही गेलंच. मी बिनचिंधीचा, फक्त किडींच्या औषधाचा. त्याचा मला तोरा होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो चिंधीवाला गळायला लागला. माळीकाकांनी घाईत मला उचललं, कुंपणाच्या कडेचं गवत मारलं, वरवर विसळलं आणि जागेवर ठेवून दिलं. नळीत, तळाशी ते फेसाळणारं औषध राहिलंच. मी ओरडणार कसा? मला तोंडाऐवजी नोझल दिलेलं.

सकाळी मला उचललं नेमकं भागूबाईने. ही शिकाऊ मुलगी सगळं पुन्हा पुन्हा तपासते, म्हणून सगळ्यांची ती भित्री भागूबाई. तिच्या टोमॅटोच्या वाफ्यावर मावा कीड पडली होती. तिथे फवारून दाखवायचं, आणि आठवड्याने वाफा कसा दिसतो त्यावर निकाल. हंगामभर तिने तो तळहाताच्या फोडासारखा जपलेला.

तिने आधी नुसतं पाणी ओतलं, मला हलवलं, झाकण उघडून वाकून पाहिलं.

"सर, फेस येतोय."

परीक्षक होते नोझल सर. बोलताना तुषार उडतात, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. "अगं, साबणाने धुतला असेल. वारा सुटायच्या आत आटप बघू!"

"भागूबाई, पंप चावत नाही गं!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

तिने औषधाची बाटली उघडली. नको पोरी, नको, असं मी मनातल्या मनात घोकत होतो. तिने बूच परत लावलं.

"सर, नापास केलंत तरी चालेल. काकांना विचारल्याशिवाय हा पंप मी टोमॅटोत नेणार नाही."

काका धावत आले आणि मला पाहताच ओरडले, "अरे देवा! काल गवतावर हाच मारला की गं मी!"

हसणं जागच्या जागी थांबलं. सरांनी तिला दुसरा पंप आणून दिला. वाफा वाचला, ती पास झाली.

गळका पंप भंगारात गेला. त्याची लाल चिंधी भागूबाईने स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात बांधली; आता तणनाशकाचा पंप मीच. तिच्या पाठीवर बसून टोमॅटोच्या ओळींतून फिरणं कायमचं संपलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता ती नोकरीला लागलीय, दूर. चिंधी उन्हाने विटून पांढरट पडलीय, गाठही सैल झालीय. उद्या नवी मुलं येताहेत, आणि त्यांच्यात कुणी भित्रं असेलच असं नाही. येता-जाता कुणीतरी ती गाठ आवळा हो. ती सुटली, तर मी पुन्हा चांगला पंप दिसेन.