रिव्हिजन पाच

ओमानमधल्या सोहारला बंदराच्या अंगाला पोलादाचा एक मध्यम कारखाना आहे. तिथल्या पंप हाऊसमध्ये जमाल हमदुले चौदा वर्षं फिटर होता. बाणकोट खाडीकाठच्या वेसवीचा माणूस, गावच्या मराठी शाळेत नववीपर्यंत शिकलेला. बेअरिंग कधी जाणार हे तो पंपाजवळ नुसता उभा राहून सांगायचा, आणि सांगितलेलं सहसा चुकायचं नाही. त्यामुळे मोठमोठे इंजिनिअरही पंपाचं काही निघालं की आधी जमालभाईंना बोलवा म्हणायचे. याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

भट्टीच्या भिंतींतून अखंड गार पाणी खेळवावं लागतं. त्यासाठी दोन पंप. एक चालतो, दुसरा विसावा घेतो, आणि दर पंधरा दिवसांनी त्यांची अदलाबदल होते. हे काम जमालने शेकडो वेळा केलं होतं. म्हणून मार्चमध्ये बाहेरचा ऑडिटर हातात कार्यपद्धतीचा कागद घेऊन पंप हाऊसमध्ये आला आणि म्हणाला, करून दाखवा, तेव्हा जमालने बाह्या सरसावल्या. विसाव्यावरचा पंप भरून घेतला, त्यातली हवा काढली, तो सुरू केला, दाबाचा काटा स्थिर होऊ दिला आणि मग चालता पंप बंद केला. भट्टीला काही कळलंसुद्धा नाही. ऑडिटरने नम्रपणे आभार मानले, कागदावर दोन खुणा केल्या आणि तो निघून गेला.

आठवड्याने जमालच्या हातात इशारापत्र आलं. कागदानुसार चालता पंप आधी बंद करायचा होता आणि दुसरा नंतर सुरू करायचा होता. जमालने सहावी पायरी तिसरीच्या आधी घेतली होती. मंजूर कार्यपद्धतीचं उल्लंघन. सोबत एक हमीपत्र होतं: मी ही कार्यपद्धती वाचली आहे आणि यापुढे तिच्याप्रमाणेच काम करीन. खाली सहीसाठी रेघ.

चौदा वर्षांत त्याला असं पत्र आलं नव्हतं. कॅन्टीनमध्ये लोक विचारायला लागले तसा तो जेवण अर्धवट टाकून उठला आणि हमीपत्र घेऊन थेट डॉक्युमेंट कंट्रोलच्या खोलीत गेला.

त्या खोलीत आल्बिना तुस्कानो बसायची. वसईची, अकरा वर्षं याच टेबलावर. कारखान्यातला प्रत्येक नकाशा, प्रत्येक कार्यपद्धती तिच्या नोंदीतून जायची. तिच्या लाल शिक्क्याशिवाय कागद खरा नाही. पाठीमागे लोक तिला शिक्केवाली बाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं.

"आल्बिनाबाय, ह्याच्यावर मी सही करनार नाय," जमाल म्हणाला. "ह्या कागदापरमाने केलं तर पानी कमी पडून भट्टी बंद पडते. सगळ्यांना ठावं हाय."

आल्बिनाने त्याला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. त्याला वाटलं होतं, आपल्या मुलखातली बाई, आपली बाजू घेईल. तिने घेतली नाही.

"ऑडिटर बरोबर आहे, जमालभाई," ती म्हणाली. "कागद चुकला असेल तर कागद बदला. पण कागद एक सांगणार आणि हात दुसरंच करणार, हे चालायचं नाही. उद्या तुम्ही रजेवर गेलात आणि कुणी नवा माणूस कागद वाचून पंप बदलायला गेला, तर?"

जमालला राग आला. पण मागच्या रमझानात तो गावी असताना नेमकं तसंच झालं होतं. भट्टी बंद पडली, पुन्हा तापायला चार तास गेले, आणि बिचाऱ्या बदली फिटरने कागदाप्रमाणे वागूनही बोलणी खाल्ली.

मग आल्बिनाने कपाटातून बदलाच्या विनंतीचा फॉर्म काढला. हा फॉर्म कुणीही भरू शकतो, मॅनेजरच पाहिजे असं नाही, हे जमालला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इंग्रजीत लिहिणं आपल्याला जमायचं नाही, तुम्हीच लिहा, असं तो म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली. विनंती करणाऱ्याने ती स्वतःच्या शब्दांत लिहावी असा नियम होता. तिने नियमाची पानं उलटली, दोनदा वाचली, आणि म्हणाली की स्वतःच्या शब्दांत असं लिहिलंय, पण शब्द कुठल्या भाषेतले ते काही लिहिलेलं नाही. तेव्हा मराठीत लिहा. भाषांतर मी जोडते आणि त्याच्याखाली माझी सही करते.

शुक्रवारी, नमाज आणि जेवण उरकल्यावर, जमाल खोलीतल्या पलंगावर पाट मांडून लिहायला बसला. शाळा सुटल्यापासून त्याने इतकं लिहिलं नव्हतं. सात पानं झाली. त्यात पंपांचा इतिहास होता, इशारापत्राचा अपमान होता, आणि आपण कुणाकुणाला काम शिकवलं त्यांची नावं होती. आल्बिनाने सातही पानं मन लावून वाचली आणि अर्ध्या पानात आणायला सांगितलं: आज काय लिहिलंय, त्याऐवजी काय हवं, आणि का. शेवटचा मजकूर तयार व्हायला तीन दुपारी लागल्या. पण तो वाचताना जमालला स्वतःचंच नवल वाटलं. जे हाताला ठाऊक होतं ते सात ओळींत उभं राहिलं होतं.

मेंटेनन्सचा प्रमुख रमण याने मराठी फॉर्म बघून कपाळाला हात लावला. ऑडिटर हे वाचणार कसं, असं त्याने विचारलं. आल्बिनाने नियमाचं पान त्याच्यासमोर ठेवलं, भाषांतर ठेवलं आणि विनंतीला क्रमांक देऊन टाकला.

पंधरा दिवसांनी फॉर्म परत आला. तपासणी प्रोसेस इंजिनिअर शमसा अल मकबालीकडे होती. वय असेल बत्तीस, सोहारचीच, कामाला चोख. तिने एकच शेरा मारला होता: जुना क्रम कुणीतरी काही कारणाने ठरवला असेल. ते कारण कळल्याशिवाय मी तो बदलू शकत नाही.

जमालने फॉर्म टेबलावर आपटला. त्याच्या दृष्टीने कारण वगैरे काही नव्हतं. ऑफिसात बसणाऱ्या कुणीतरी पंप न बघता लिहिलं असणार.

"प्रश्न बरोबर विचारलाय तिने," आल्बिना म्हणाली. "चला, शोधू या."

रद्द झालेला कागदही आल्बिना टाकत नसे. आतल्या खोलीत लोखंडी रॅकवर कारखान्याच्या पहिल्या दिवसापासूनच्या जुन्या आवृत्त्या होत्या, वर्षवार बांधलेल्या. लोक त्या खोलीला अडगळ म्हणत. दोन दिवस दुपारच्या सुटीत दोघं तिथे बसले. जमाल फाइली उतरवायचा, आल्बिना पानं लावायची. पहिल्या आवृत्तीत क्रम जमालसारखाच होता. दुसऱ्या आवृत्तीत तो उलटला होता, आणि सोबत एका विजेच्या सुपरवायझरने, कुरियन नावाच्या, सुवाच्य अक्षरात कारण लिहिलं होतं: दोन्ही पंप एकदम चालले तर विजेचं पॅनल तेवढा भार घेत नाही आणि दोन्ही बंद पडतात. तेव्हा भट्टी लहान होती. मिनिटभर पाणी कमी झालं तरी तिला चालायचं.

जमालने आल्बिनाकडून तो मजकूर पुन्हा वाचून घेतला. नऊ वर्षांपूर्वी मोठी भट्टी आली आणि जुन्या क्रमाने ती सारखी बंद पडू लागली, तेव्हा त्याने एके दिवशी, कुणाला न विचारता, दुसरा पंप आधी चालवून बघितला होता. जमलं, म्हणून तेच चालू ठेवलं. ते का जमलं, हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं. दरम्यान पॅनल बदललं होतं म्हणून बरं; ते जुनंच असतं, तर दोन्ही पंप एकदम गेले असते, पाणी पूर्ण थांबलं असतं, आणि तापल्या भट्टीसमोर त्याचीच माणसं उभी होती.

"म्हंजे मी नशिबाने वाचलो," तो म्हणाला.

पॅनल कधी बदललं तेही सापडलं, मोठ्या भट्टीबरोबरच. त्या बदलाच्या फॉर्मवर एक चौकट होती: या बदलामुळे दुसरे कुठले कागद बदलावे लागतील का? त्यापुढे कुणीतरी 'नाही' अशी खूण केली होती. खाली तपासून नोंद घेतल्याची सही होती. सही आल्बिनाची होती.

आल्बिनाने फॉर्म जवळ ओढून तारीख पुन्हा वाचली. मग तिने चष्मा पुसला.

"मला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पॅनल बदललं तर पंपांचा कागद बदलणार नाही का, एवढं एक वाक्य. मी विचारलं नाही, शिक्का मारला."

जमालने ते कुणाला सांगायची गरज नाही असं सुचवलं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, कोण बघतंय. आल्बिनाने ते मानलं नाही. तिने त्याच दुपारी स्वतःच्याच विभागावर त्रुटीची नोंद केली, कारणासकट, आणि त्याची प्रत रमणला व शमसाला पाठवली. जमाल अकरा वर्षं हिला शिक्केवाली बाई म्हणत आला होता. त्या दिवसापासून ते त्याच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि दुसऱ्या कुणी म्हटलं तर तो त्याला गप्प करायचा.

पुढचं काम भराभर झालं. वीज विभागाने लेखी दिलं की नवं पॅनल दोन्ही पंपांचा भार आरामात घेतं. मे महिन्यात, भट्टी देखभालीसाठी रिकामी होती तेव्हा, शमसा हेल्मेट घालून पंप हाऊसमध्ये आली. आधी कागदाप्रमाणे अदलाबदल केली. दाबाचा काटा सव्वाचारवरून अडीचवर कोसळला. मग जमालच्या क्रमाने. काटा चारच्या खाली आला नाही. शमसाने तीन वेळा करायला लावलं, आकडे स्वतः लिहून घेतले. मग तिने एक पायरी वाढवायला सांगितली. दुसरा पंप सुरू करण्याआधी पॅनलवरचा भार बघायचा आणि लिहायचा. जमालच्या कपाळाला आठी पडली. सरळ कामाला हे शेपूट कशाला? पण लगेच त्याला कुरियनचा कागद आठवला. उद्या पुन्हा कुणी पॅनल बदललं तर ही पायरीच माणसाला थांबवील. त्याने हो म्हटलं, आणि मनातून हो म्हटलं. बाराच्या तेरा पायऱ्या झाल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सह्या पूर्ण झाल्या. आल्बिनाने जमालला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर पहिल्या प्रतीवर लाल शिक्का मारला. रिव्हिजन पाच, म्हणजे पाचवी आवृत्ती. दुसऱ्या पानावर तक्ता होता. त्यात बदलाचं कारण होतं, तपासणाऱ्या शमसाचं नाव होतं, मंजुरी देणाऱ्या रमणचं नाव होतं, आणि सगळ्यांच्या वर, बदल सुचवणारा: जमाल हमदुले, फिटर. त्याने ते बोटाने वाचलं. कारखान्यात त्याचं नाव हजेरीवर होतं, ओळखपत्रावर होतं, इशारापत्रावर होतं. असं कुठे नव्हतं.

मग जुन्या प्रती गोळा करायच्या होत्या. जुना कागद भिंतीवर राहिला तर नव्याचा उपयोग नाही, असं आल्बिनाचं म्हणणं. नोंदवहीप्रमाणे सहा प्रती होत्या आणि सहाही मिळाल्या. तिने उगाच विचारावं तसं विचारलं की आणखी कुणाकडे नाही ना. जमाल जरा घुटमळला, मग त्याने स्वतःच्या हत्यारपेटीचं झाकण उघडलं. आत चौथ्या आवृत्तीची एक तेलकट झेरॉक्स चिकटवलेली होती, तिच्यावर पेन्सिलीने त्याने स्वतःचा क्रम लिहिला होता. आल्बिनाने हात पुढे केला. त्याने ती सोलून दिली.

रमणने त्याला केबिनमध्ये बोलावून इशारापत्र मागे घ्यायची तयारी दाखवली. जमाल विचार करून म्हणाला, "राहू द्या, साहेब. त्या दिवशी कागद तोच होता, आनि मी तो पाळला नव्हता." रमणने उठून हात मिळवला.

त्या शुक्रवारी जमालने गावी बायकोला, साबेराला, फोन केला. आपलं नाव छापलेल्या त्या पानाचा फोटो पाठवायची त्याची फार इच्छा होती. पण आल्बिनाने साफ नाही म्हटलं होतं. नियंत्रित कागद बाहेर जात नाही, तुमचं नाव असलं तरी. म्हणून त्याने तिला सगळं तोंडीच सांगितलं, पॅनल, कुरियन, आल्बिनाबाय, तेरा पायऱ्या. साबेराला पंपातलं काही कळत नव्हतं, पण तिने मध्ये तोडलं नाही.

"म नाव मराठीत लिवलंय की इंग्रजीत?" तिने शेवटी विचारलं.

"इंग्रजीत. पन माझा मराठी फॉर्म त्याच्या मागे जोडलेला हाय. कारखाना हाय तवर तो तिथं राहनार."

"आनि तुमच्यानंतर जो येल, तो वाचून करनार?"

"वाचूनच करनार," जमाल म्हणाला, "माझ्याबिगर."

हे वाक्य त्याला तीन महिन्यांपूर्वी जिवावर आलं असतं. आता तो ते दोनदा म्हणाला.