बटणाएवढा डाग

सध्या ज्याच्यावर एक हेल्मेट, दोन छत्र्या आणि चार्जरच्या वायरी टांगलेल्या आहेत, तो मी. मित्रांनो, मी खुंटी नाही. मी जुना एन्लार्जर आहे. तुम्ही मला ओळखले नाही याचा मला राग नाही. ज्यांनी मला चांगले ओळखून हेल्मेट टांगले, त्यांचा आहे.

एन्लार्जर म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण हल्ली मला पाहणारे निम्मे लोक मला दातांच्या डॉक्टरांचे यंत्र समजतात. पूर्वी कॅमेऱ्यात फिल्म असे. तिच्यावर चित्र उमटे ते उलट्या रंगात, काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे. त्या चित्राला निगेटिव्ह म्हणत. ती निगेटिव्ह माझ्या डोक्यात सरकवायची, वरचा दिवा लावायचा, की माझ्या भिंगातून खालच्या कागदावर माणूस सुलटा आणि मोठा होऊन उतरत असे. हे सगळे डार्करूममध्ये, म्हणजे एक लाल दिवा सोडून बाकी ठार अंधार असलेल्या खोलीत. मी आयुष्यभर अंधारात उभा राहिलो, पण माझ्याकडून कधी कोणाचा चेहरा काळवंडला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडाचा खांब, पत्र्याचे डोके आणि काचेचे भिंग घेऊन, लाकडी खोक्यात भुशावर निजून मी या स्टुडिओत आलो. मालकांनी खोके उघडले आणि त्यांच्या पत्नीने माझे भिंग पुसले. त्यांना सगळी गिऱ्हाइके वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वयाने मी लहान आहे, पण ते असो.

त्या काळात एका रोलवर बारा फोटो निघत. बारा म्हणजे बारा. तेराव्यासाठी रडून उपयोग नसे. त्यामुळे मालक घाई करत नसत. समोर बसलेला माणूस आधी ताठ होई, मग अवघडे, मग कंटाळे, आणि कॅमेरा समोर आहे हे विसरून जरा माणसासारखा दिसू लागला की मालक बटण दाबत. डोळे मिटले गेले तर दुसऱ्या दिवशी निरोप पाठवून परत बोलावत. त्यांच्या हातून वाईट फोटो बाहेर गेल्याचे मला आठवत नाही.

त्यापुढचे काम वहिनींचे. खिडकीशी त्यांचे एक उतरते टेबल होते, त्यात दुधी काच. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, डोळ्याला भिंग लावून, सुईसारखे टोक केलेल्या शिसपेन्सिलीने त्या चेहरे दुरुस्त करत. माणसाच्या चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पांढरा दिसतो. तो पेन्सिलीने भरला की कागदावर डाग नाहीसा. मुरूम, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, सगळे जाई. लोक म्हणत, वहिनींच्या हाताला यश आहे. मीही तसेच समजत असे आणि त्यांनी दुरुस्त केलेले चेहरे मोठ्या दिमाखात कागदावर उतरवत असे.

मग डिजिटल आले. आधी कॅमेरे आले, आणि मालक म्हणाले, ठीक आहे, नवीन यंत्र आहे, शिकू. ते शिकलेही. त्यानंतर मोबाइल आले, आणि शिकण्यासारखे काही उरलेच नाही. ज्याच्या हाताला अंगठा आहे तो फोटोग्राफर झाला. मालक सात वर्षांपूर्वी गेले आणि दुकान त्यांच्या मुलाकडे आले. धाकटे मालक मनाने वाईट नाहीत. पण आज ते काय करतात, तर पासपोर्टचे फोटो काढतात आणि लोकांनी मोबाइलवर आणलेले चेहरे कपावर छापतात. ज्याला तोंड लावायचे त्याच्यावर तोंड छापायचे, याला काय म्हणावे ते मला अजून सुचलेले नाही.

तुमच्याही घरात हाच प्रकार असणार. मांजर जांभई देते, तिचे चाळीस फोटो. ते चाळीस कोणी परत बघितले? मांजरीनेही नाही. पूर्वी माणसे वर्षातून एक फोटो काढत आणि वर्षभर तो बघत. आता क्षणात चाळीस काढतात आणि बघायला क्षणही ठेवत नाहीत. असो. मी चिडलो की माझा खांब कुरकुरतो आणि वहिनी बाहेरून विचारतात, आत उंदीर झालेत का.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट सांगतो. डार्करूम आणि दुकान यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू येते.

पोस्टाच्या खिडकीवर बसणाऱ्या एक बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ दुकानात आले. त्यांची आई सहा महिन्यांपूर्वी वारली होती. तिचा मोबाइलमधला फोटो धाकट्या मालकांनी मोठा करून, फ्रेम लावून दिला होता. बाईंनी ती फ्रेम काउंटरवर पालथी ठेवली.

"ही आमची आई नाही," त्या म्हणाल्या.

धाकट्या मालकांनी मोबाइल पुन्हा तपासला. फोटो तोच होता. बाई म्हणाल्या, साडी आईची आहे, खुर्ची आईची आहे, चेहरा तेवढा आईचा नाही. त्यांच्या आईने सगळे आयुष्य लॉन्ड्रीत इस्त्री केली. लग्नाआधी एकदा तापलेली इस्त्री गालाला लागली, आणि तिथे शर्टाच्या बटणाएवढा काळा डाग कायमचा राहिला. फोटोत तो डाग नव्हता. सुरकुत्या नव्हत्या. गाल असे सपाट होते, जणू कोणी आईवरूनच इस्त्री फिरवली होती.

धाकट्या मालकांनी समजावले की हा दोष त्यांचा नाही. हल्लीचे फोन चेहरा आपोआप साफ करूनच फोटो काढतात, लोकांना ते आवडते. फोनमध्ये आईचे दोनशेवर फोटो होते. दोनशेच्या दोनशे साफ. फोनने एकदाही कोणाला विचारले नव्हते.

मग ते भल्या मनाने म्हणाले, "डागाचं काय एवढं, कॉम्प्युटरवर टाकून देतो. कुठल्या गालावर होता?"

"डाव्या," बाई म्हणाल्या.

"उजव्या," भाऊ त्याच वेळी म्हणाला.

मग भाऊ म्हणाला, "ताई, मी रोज तिच्यासमोर बसून जेवायचो." बाई म्हणाल्या, "आणि मी तिच्या कुशीत झोपायचे." पण दोघांचाही आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. माझी डावी बाजू की तिची डावी, असे ते एकमेकांना विचारू लागले. फोनमध्ये काही फोटो आईने स्वतः काढलेले होते, ते आरशासारखे उलटे. भांग कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. त्यावरून डागाचा पत्ता लागणार कसा?

बाई पासपोर्टच्या फोटोसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसल्या.

"सहा महिने झाले फक्त," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांत आम्ही आईचा चेहरा हरवला."

मित्रांनो, मला हात असते तर मी तो फोन तिथल्या तिथे हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या औषधाच्या, ट्रेमध्ये बुडवला असता.

थोड्या वेळाने बाईंनी पर्समधून एक पिवळे पडलेले पाकीट काढले. आईच्या पेटीत सापडलेले. आतला फोटो ओलीने पाकिटाला चिकटून फाटला होता, पण पाकिटावर आमच्या स्टुडिओचे नाव होते, क्रमांक होता, आणि खाली छापले होते: निगेटिव्ह जपून ठेवली आहे. आमच्याकडे प्रत्येक पाकिटावर हे छापत आणि ते खरेही असे. हजारो निगेटिव्ह माझ्या पायाशी पत्र्याच्या डब्यांत क्रमांकाने लावलेल्या आहेत. कपांच्या नव्या मशीनसाठी जागा हवी म्हणून पुढच्या आठवड्यात ते डबे भंगारात जायचे ठरले होते.

वहिनी आतल्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी पाकीट वाचले, डार्करूममध्ये येऊन गुडघे धरत खाली बसल्या आणि पाचव्या डब्यातून ती निगेटिव्ह काढली.

धाकट्या मालकांनी ती स्कॅनरवर ठेवली. तो स्कॅनर कागदासाठीचा, फिल्म त्याला वाचता येईना; त्याने नुसती काळी पाटी दाखवली. मग त्यांनी निगेटिव्ह खिडकीसमोर धरून फोन काढला, तेव्हा वहिनींनी त्यांचा हात खाली केला.

"त्याला नको दाखवू," त्या म्हणाल्या. "तो परत धुऊन काढेल तिला."

म्हणून शेवटी माझी आठवण झाली. फोटोचा कागद आणि औषधे आता गावात मिळत नाहीत. ती फोनवरून मागवली. ज्या फोनने मला घरी बसवले, त्याच्याच हातून माझा शिधा आला, हेही मी पाहिले.

तिसऱ्या दिवशी माझ्या अंगावरचा संसार उतरवला गेला. दिवा लागला, तेव्हा मी स्वतःच दचकलो. भाऊबहीण दाराशी लाल उजेडात उभी होती. वहिनींनी कागद औषधात बुडवला. हळूहळू एक चेहरा वर आला. पंचविशीतली बाई, रुंद कपाळ, थोडे पुढे आलेले ओठ.

दोन्ही गाल स्वच्छ.

मला वाटले, माझे भिंग गेले. मी मनातल्या मनात फोनला जेवढ्या शिव्या दिल्या होत्या, तेवढ्या सगळ्या पाहुण्यांसारख्या माझ्याकडे परत आल्या.

वहिनींनी निगेटिव्ह काढली, खिडकीशी नेली, डोळ्याला भिंग लावले. त्या कितीतरी वेळ वाकून राहिल्या.

"हे मीच केलंय," त्या म्हणाल्या. "पेन्सिल माझी आहे. त्यांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. डाग दिसला की माझा हात जायचाच."

धाकटे मालक म्हणाले की तेव्हा तशीच पद्धत होती, त्यात तिची काय चूक. वहिनी म्हणाल्या की पद्धत होती, म्हणूनच विचारायला हवे होते. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक होती पण संतापात विसरलो होतो. फोन पुसतो ते कायमचे. पेन्सिल निगेटिव्हवर नुसती बसलेली असते. टर्पेंटाइनने ती निघते. पण फिल्म इतकी जुनी, की पेन्सिलीबरोबर वरचा थरही सुटून येऊ शकतो.

"आई, एकच आहे ती," धाकटे मालक वहिनींना म्हणाले. "गेली तर डागही गेला आणि चेहराही."

वहिनी बाईंकडे वळल्या. "पुसू का?"

बाईंनी भावाकडे पाहिले. भावाने मान हलवली, ती हो की नाही हे त्यालाही माहीत नसावे.

"पुसा," बाई म्हणाल्या.

काडीला कापूस गुंडाळून वहिनींनी एकदा फिरवला, थांबल्या, फुंकर घातली. दुसऱ्यांदा फिरवला. कापूस करडा झाला. तिसऱ्या वेळेला त्यांनी श्वास रोखला होता, आणि खोलीतल्या बाकीच्यांनीही. निगेटिव्ह वाळली. माझ्या डोक्यात घालण्याआधी त्यांनी तिची मंद, म्हणजे न चकाकणारी, बाजू खाली आहे ना, हे दोनदा तपासले. ती उलटी बसली तर मीही डाव्याचे उजवे करतो, हे मला कबूल केले पाहिजे.

कागद ट्रेमध्ये गेला. आधी केस आले, मग डोळे, आणि डोळ्यांच्या पाठोपाठ, डाव्या गालावर, एक काळा गोल ठिपका.

"ताई, तुझंच खरं," भाऊ म्हणाला.

बाई ट्रेवर वाकल्या. त्या म्हणाल्या, "आईनं तो फोटो कधी भिंतीवर लावला नाही. म्हणायची, त्यात माझी बहीण आलीय. तिला बहीण नव्हती. आम्हाला वाटायचं, गंमत करतेय."

वहिनींनी फोटो नळाखाली धरला आणि लागतो त्याच्या दुप्पट वेळ धूत राहिल्या. हेल्मेट आणि छत्र्या परत माझ्या अंगावर आल्या, पण डबे अजून माझ्या पायाशी आहेत. धाकट्या मालकांनी ते हलवायचा विषय पुन्हा काढलेला नाही.

मित्रांनो, शेवटी थोडा उपदेश करायची जुन्या वस्तूंची रीत आहे. बहुतेक जण म्हणतात, आमची काळजी घ्या. माझे काय, मला भंगारात घालायचे असेल तर घाला, मी लोखंडाचा आहे, कशाचा तरी नट-बोल्ट होईन. पण तुमच्या फोनमध्ये चेहरे परस्पर साफ करणारी जी सोय आहे, ती आज कोणाकडून तरी बंद करून घ्या. घरातल्या प्रत्येकाचा एक तरी फोटो कागदावर काढा, जसा माणूस आहे तसा, आणि मागे नाव आणि तारीख लिहा. कोणाच्या चेहऱ्यावरचे काही काढावेसे वाटले, तर आधी त्या माणसाला विचारा. आम्ही विचारले नाही. आमच्याकडे नशिबाने पुसता येणारी पेन्सिल होती, तुमच्याकडे तीही नाही.

आणि आता मला सांगा, तुम्हाला ज्यांनी वाढवले त्यांच्या चेहऱ्यावर कुठे तीळ आहे, कुठे व्रण आहे, आणि कोणत्या बाजूला? आठवत नाही ना? खबरदार, फोन काढाल तर. उठा, ते घरात जिथे असतील तिथे जा, आणि बघून या.