जिची वाजणार नाही

टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकायचे, साल तडकली की काढून गार पाण्यात बुडवायचे. मग साल बोटाने ओढली तरी सुटते. बोटं भाजतात ती धाकटीची.

(धाकटी एकेचाळीस वर्षांची आहे. शेंडेफळ म्हणून लहानपणी तिला शेंडे म्हणत, ते तसंच राहिलं. लोकांच्या विजारी आखूड करून देते. आईजवळ राहते.)

आता या घरातला नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्षातून एकदा तिघी बहिणी टोमॅटोच्या बरण्या भरतात. प्रत्येकीच्या चार. झाकण दोन भागांचं असतं, एक सपाट चकती आणि वरून फिरवायचं कडं. बरण्या पाण्यात उकळून बाहेर काढल्या की गार होता होता चकती आत खेचली जाते आणि आवाज होतो. टक्. म्हणजे हवा बंद झाली, बरणी टिकणार. जिची एक जरी बरणी वाजणार नाही, ती त्या वर्षी घरी आईजवळ राहणार. बाकीच्या दोघी प्रवासाला.

नियम आईने काढला. भांडण नको म्हणून.

गेली नऊ वर्षं धाकटीचीच वाजली नाही.

निळा तुकडा, मासे छापलेला. पहिल्या वर्षीचा. "तुझ्यासाठी आणलाय गं, तिथे सगळ्या जणी डोक्याला बांधतात," थोरली म्हणाली होती. थोरली शाळेत मुख्याध्यापिका आहे, भेटवस्तूसुद्धा निकाल लावल्यासारखी देते.

पिवळा तुकडा. दुसऱ्या वर्षीचा. झटकला तर अजून वाळू पडेल. धाकटीने तो कधीच झटकला नाही.

भांडी पुसायचं फडकं, शहराचा नकाशा छापलेलं. पाचव्या वर्षीचं. याला इस्त्री करता करता तिला गल्ल्या पाठ झाल्या. स्टेशनातून बाहेर पडायचं, डावीकडे, दोन पूल, मग नदीचा घाट. एकदा तिने मधलीला विचारलं, घाटावर पायऱ्या किती आहेत? मधली म्हणाली, "कुठला घाट? आम्ही हॉटेलात झोपलो होतो."

नऊ वर्षांचे अठरा तुकडे. यंदा त्यांची गोधडी शिवून झाली आहे, फक्त खालची कड उघडी आहे. थोरलीला ती आज संध्याकाळी हवी. आईच्या अंगावर घालून फोटो काढायचा, मग सहाला गाडी येईल.

धाकटीच्या कपाटात एक पासपोर्ट आहे. नवा करकरीत, पानं एकमेकांना चिकटलेली. सात महिन्यांनी त्याची मुदत संपते. यंदा गेली नाही तर तो कोराच संपणार.

"आई, झाकणं दे," थोरली म्हणाली.

चकत्या आईच देते. खुर्चीत बसून, मांडीवर गरम पाण्याचं पातेलं घेऊन, चिमट्याने एकेक उचलून. थोरलीला चार, मधलीला चार. धाकटीला देताना तिने पातेल्यातून नाही, शेजारच्या वाडग्यातून उचलल्या. वाफेने धाकटीचा चष्मा धुरकटला होता. दर वर्षी धुरकटतो.

यंदा तिच्या बोटाला खाच लागली.

चकतीच्या कडेला बारीकशी, करवतीच्या दातासारखी. ही खाच तिला ओळखीची होती. हिवाळ्यात चमचा सापडत नव्हता तेव्हा तिने आईच्या सारासाठी एक बरणी स्क्रू ड्रायव्हरने उघडली होती. झाकण फेकायला गेली तर आई म्हणाली होती, कशाला टाकतेस, डबे झाकायला होईल.

तिने चष्मा पदराने पुसला. चकती उलटी केली. रबरावर जुन्या बरणीच्या काठाची गोल खळी पडलेली होती. दुसरीवरही. चारही चकत्यांवर.

"आई, ही वापरलेली आहेत."

"मग?"

"जुनी झाकणं धरत नाहीत, आई."

"ते मला शिकवतेस?"

मधली खुदकन हसली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. "तुला म्हटलं होतं शेंडे, नंबर वाढलाय, बदलून घे. फुकटात केलं असतं."

"तुला माहीत होतं, माई?" धाकटीने मधलीला विचारलं.

"अगं, सगळ्यांनाच माहीत होतं." तिने थोरलीकडे पाहिलं. "नव्हतं का?"

थोरली बरणीचा काठ पुसत होती. तिने तो नीट, पूर्ण पुसला, मगच बोलली. "नऊ वर्षं लागली तुला. माझ्या चौथीतल्या मुली याहून हुशार आहेत. हे बघ, आईला कुणीतरी हवं. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. हे बरं होतं ना, तुलाही वाटायचं नशीब."

"तिकिटं?"

"दोन. दोन महिन्यांपूर्वीच काढली."

धाकटीने आईकडे पाहिलं. आई चिमटा पुसत होती.

"त्या दोघी गेल्या तर परत येतात," आई म्हणाली. "तू गेलीस तर यायची नाहीस. मी जन्म दिलाय तुला, ओळखते मी. भर ना आता. पाणी गार होतंय."

तिने भरल्या. बोटभर जागा सोडून, काठ पुसून, जुन्या चकत्या लावून. का भरल्या ते विचारू नका. टोमॅटो सोललेले होते.

टक्.

दुपारचं जेवण.

टक्. टक्.

"माझी!" मधली ओरडली, जणू अजून खेळ चालूच होता.

जेवून दोघी आतल्या खोलीत आडव्या झाल्या. आई खुर्चीतच पेंगली. धाकटी शिवणाच्या टेबलाशी बसली. खुर्चीच्या पाठीला थोरलीची पर्स अडकवलेली होती, तिची

टक्.

चेन उघडी. आत दोन पासपोर्ट, एका रबर बँडमध्ये. धाकटीने रबर काढलं. पानोपानी शिक्के. निळ्या माशांचा देश, पिवळ्या वाळूचा. नकाशाच्या शहराचा शिक्का जांभळा होता. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गोधडीची खालची कड उघडी होती. तिने कापसाच्या दोन थरांच्या मध्ये एक पासपोर्ट सरकवला, निळ्या तुकड्याखाली. दुसरा नकाशाखाली. भोवती चौकोनी टाके घातले, हलणार नाहीत असे. मग कड बंद केली. टाके बारीक आणि सारखे आले. गिऱ्हाइकाचं काम असतं तर दाखवण्यासारखे.

टक्. टक्. टक्.

टक्. हे आठवं. पुढे चार बरण्या गप्प.

साडेपाचला आईच्या अंगावर गोधडी घातली. थोरलीने फोटो काढला. "आई, हस." आई हसली. मग मधलीने पर्स उचलली.

पुढचा अर्धा तास लिहिण्यासारखा नाही. गाद्या उलटल्या, कपाटं उपसली, पिठाच्या डब्यात हात घातले. थोरली मधलीला म्हणाली, तू घेतले होतेस. मधली म्हणाली, पर्स तुझी. खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. थोरली वळून धाकटीच्या अंगावर आली आणि तिने तिचं कपाट उघडून एकच पासपोर्ट बाहेर काढला, कोरा, आणि तो जमिनीवर आपटला.

"बोल! कुठे ठेवलेस?"

"मी शिवत होते, ताई. बघ ना, झाली गोधडी."

तेव्हा आईचा अंगठा थांबला.

आई गोधडीवरून हात फिरवत होती, आणि तिचा अंगठा निळ्या माशावर थांबला. तिने दाबलं. बरणीचं झाकण बसलंय का बघायला दाबते, तसं. कोपरा शोधला, कडेकडेने गेली, दुसऱ्या कोपऱ्याला आली. मग नकाशावर. तिने मान वर करून धाकटीकडे पाहिलं.

धाकटी थांबली. आता सांगेल. सांग.

"माझ्या उशाखाली काय बघता?" आई मधलीवर खेकसली. "मी खाल्लेत का तुमचे पासपोर्ट?"

सव्वासहाला गाडी रिकामी गेली. थोरली आत फोनवर कुणावर तरी ओरडत होती, मधली पलंगावर पालथी पडून रडत होती. आईने बोट हलवून धाकटीला जवळ बोलावलं.

"उसवू नकोस," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा कित्येक वर्षांत इतका खूश दिसला नव्हता. "तिघी बऱ्या. आणि ऐक शेंडे, तू कधी कुठे जायचं म्हणालीस ना, तर मी त्यांना सांगेन मला कुठे टोचतं ते."

धाकटीने वाकून आपला पासपोर्ट उचलला. पान दुमडलं होतं, ते तिने नखाने सरळ केलं.

टक्.

दोघींनी एकदमच ओट्याकडे पाहिलं. तिच्या चारांपैकी एक, खाचेची. चकती आत ओढली गेली होती.

"कोणाची वाजली गं?" आतून मधलीने नाक ओढत विचारलं.

"काय वाजलं?" आई म्हणाली आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. "मला नाही बाई ऐकू आलं."