डिकीतला दांडा

मी एक जुना दांडा आहे. लाकडाचा, सरळ, वरच्या टोकाला जरासा चपटा. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद दाराआड उभा असेल आणि तुम्ही त्याच्याकडे कधी धड पाहिलंही नसेल.

माझा जन्म फरशी पुसण्यासाठी झाला. काकूंच्या घरी बादलीशेजारी माझी जागा होती. खालचा पोछा झिजून गेला तेव्हा माझी रवानगी भंगारातच व्हायची, पण त्याच सुमारास काकांच्या गाडीच्या डिकीचा दरवाजा मान टाकू लागला. या दरवाजाच्या दोन्ही अंगांना गॅस भरलेल्या काळ्या नळ्या असतात. गॅरेजवाले त्यांना शॉकर म्हणतात. दरवाजा उचलायला मदत करायची आणि वर तोलून धरायचा, हे त्यांचं काम. त्यांच्यातला गॅस निघून गेला होता. काकांनी मला करवतीने दरवाजाच्या मापाने कापलं, खालच्या टोकाला खुर्चीच्या पायाचं रबरी बूच बसवलं आणि डिकीत टाकलं.

"नवे शॉकर आणेपर्यंत चालेल," ते काकूंना म्हणाले. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

काकांचे दोन दिवस काही वर्षं चालले.

माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. काकूंच्या पायांनी साथ सोडली होती आणि त्या चाकांच्या खुर्चीत असत. दर रविवारी काका त्यांना गाडीत बसवत, खुर्चीची घडी करून डिकीत ठेवत आणि दोघं तळ्यावर जात. तिथे काकूंची थोरली बहीण येऊन बसायची. दोघींच्या गप्पा सुरू झाल्या की काका हळूच सटकायचे आणि तळ्याला एक फेरी मारून यायचे. तेवढी एक फेरी त्यांची स्वतःची होती. आणि या सगळ्याच्या आधी, डिकी उघडताच, मी उभा राहायचो. माझ्यावाचून पान हलत नसे. एकदा थोरल्या बहिणीने मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या नवऱ्यापेक्षा हाच शहाणा दिसतोय गं. गुपचूप काम करतो, वर बढाया मारत नाही." त्या दिवशी मला किती बरं वाटलं, काय सांगू!

पण मित्रांनो, शहाण्याकडे कुणी बघत नाही. माझं रबरी बूच झिजलं, फाटलं आणि एक दिवस गळून पडलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला तोंड असतं तर मी घसा फोडून ओरडलो असतो. पुढच्याच रविवारी डिकीची कड ओली होती. काका खुर्ची काढायला आत वाकले, माझा पाय घसरला आणि दरवाजा धाडकन त्यांच्या पाठीवर आदळला.

"काही नाही, काही नाही," काका हसत म्हणाले. पण काकूंनी त्यांचा चेहरा समोरच्या आरशात पाहिला होता.

घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "मी आता तळ्यावर येणार नाही."

"अगं, ताई वाट बघेल."

"बघू दे. तुमची पाठ मोडून मला नाही भेटायचं कुणाला."

मग रविवार नुसतेच येऊन जाऊ लागले. काकू बहिणीला फोनवर "आज जरा कणकण आहे" असं सांगत आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसत. काकांची पाठ दुखतच राहिली, चालताना ते भिंतीला हात लावू लागले. काकूंनी एकदा काठीचा विषय काढला, तर म्हणाले, "काठी म्हातारे घेतात." सत्तरी उलटलेल्या माणसाने हे म्हणावं!

शेवटी काका निमूटपणे जाऊन नवे शॉकर घेऊन आले. काकू खुर्चीची चाकं फिरवत गाडीपाशी येऊन बसल्या, देखरेखीला. मला दरवाजाखाली उभं केलं गेलं. ज्यांच्या येण्याने माझी नोकरी जाणार होती, त्यांच्याच स्वागताला मी उभा! काकांनी क्लिप उचकटून डावा शॉकर काढला. त्या जागी नवा बसवून मगच दुसऱ्याला हात लावायचा असतो. पण धीर धरतील तर ते काका कसले? जुने दोन्ही शेजारी ठेवून बघायची हौस आली आणि त्यांनी उजवाही काढला. जुन्यांचा उरलासुरला आधारही गेला आणि दरवाजाचा सगळा भार माझ्यावर आला. खाली रबर नाही. माझा पाय कडेवरून सरकू लागला, आणि काकांचं डोकं बरोबर दरवाजाखाली.

"अहो, हलू नका!" काकू ओरडल्या. त्यांनी खुर्ची पुढे घेतली, ब्रेक लावला आणि दोन्ही हातांनी माझा पाय घट्ट आवळून धरला.

"तू मागे हो," काका म्हणाले.

"गप्प बसा आणि बसवा ते."

काकांनी नवा शॉकर लावला, तर तो जरासा लांब पडला, वरचं टोक बसेना. "दरवाजा बोटभर वर जायला हवा," ते म्हणाले. काकूंनी दात आवळून मला वर रेटलं. टक! टोक बसलं. मग दुसरं. आणि माझ्या अंगावरचा भार एकदम गेला. मी काकूंच्या मांडीवर कलंडलो. दरवाजा आपला आपण वर उभा होता. दोघं त्याच्याकडे बघत राहिली आणि काकू हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"चला, याची सुट्टी झाली," म्हणत काकांनी मला कचऱ्याकडे न्यायला उचललं.

"टाकताय कुठे? आणा इकडे." काकूंनी मला काढूनच घेतलं. त्यांनी माझं अंग पुसलं आणि पायाला नवंकोरं रबरी बूच बसवलं. कशासाठी, ते मलाही कळेना.

रविवारी तळ्यावर डिकी उघडली तेव्हा काकांचा हात सवयीने मला शोधायला आत गेला. पण मी काकूंपाशी, पुढच्या सीटजवळ होतो. बहिणी भेटल्या, एकमेकींचे हात धरून बसल्या. काका मात्र बाकावरच टेकले.

"फेरी मारून या की," काकू म्हणाल्या.

"आज नको. बसतो इथेच."

काकूंनी मला पुढे केलं. "हा घेऊन जा."

"सांगितलं ना, काठी म्हातारे..."

"काठी कुठेय? गाडीचा दांडा आहे तो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. मग मला हातात घेतलं. दरवाजाच्या मापाने कापलेला मी नेमका त्यांच्या तळव्याखाली आलो. आम्ही तळ्याच्या कडेने निघालो, हळूहळू. वळणावर त्यांनी आपला सगळा भार माझ्यावर टाकला, आणि मी घसरलो नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी मुकाट्याने काहीतरी तोलून धरत असेल. कधीतरी खाली वाकून त्याच्या पायाशी बघा. रबर झिजलं असेल, तर ते आजच बदला.